गोठा की गायरान?

(जालना जिल्ह्यातील पशुपालक, दूधसंस्थांचे कार्यकर्ते आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्या एका शिबिरात माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



लस, कृत्रिम रेतन, खनिज मिश्रण अशा विषयांवर जाणकारांनी आज आपणांस मार्गदर्शन केलेच आहे. मी पशुवैद्य नाही. कलाशाखेचा पदवीधर आणि माहिती खात्याचा सेवक आहे. एका गावचा अनुभव दुसऱ्या गावाला कळवावा, तज्ज्ञांचे म्हणणे सोप्या भाषेत लोकांपर्यंत न्यावे आणि लोकांची अडचण तज्ज्ञांच्या कानावर घालावी, एवढेच आमचे काम. त्या नात्याने मी आपणांपुढे एकच प्रश्न मांडणार आहे. दुभती गाय गोठ्यात ठेवून पोसावी, की रानात सोडून चारावी?

प्रश्न वरकरणी साधा दिसतो. परंतु गावोगाव फिरताना मला असे आढळले आहे की, या एका प्रश्नावरून घराघरांत दोन तट पडले आहेत. वडील म्हणतात, गाय रानात गेलीच पाहिजे. चार पावले चालल्याशिवाय तिला पान्हा फुटत नाही. मुलगा म्हणतो, रानात आता आहे काय? धुरळा खाऊन ती परत येते. आणि या दोघांच्या वादात शेणाची पाटी उचलणारी, डोक्यावर वैरणीचा भारा आणणारी घरची बाई मात्र गप्प असते. तिचेही म्हणणे आपण आज ऐकू.

जुनी रीत, जुनी गाय

आपल्या भाषेत गाय आणि रान यांची सोबत फार जुनी आहे. सायंकाळी गुरे परतताना जी धूळ उडते तिच्यावरून आपण एका मुहूर्ताला नाव दिले, गोरज. गुरांसाठी राखलेल्या जमिनीला गायरान म्हटले. गुराख्याला मिळणाऱ्या मोबदल्याला राखोळी हा खास शब्द दिला. आणि दुसऱ्याच्या पिकात शिरणाऱ्या जनावरासाठी गावाने कोंडवाडाही ठेवला. गुरे मोकळी असावीत, पण मोकाट नसावीत, हा विवेक आपल्या गावगाड्यात पूर्वीपासून होता.

ही रीत ज्या गाईसाठी होती, ती गाय मात्र वेगळी होती. मराठवाड्याची देवणी असो, लाल कंधारी असो किंवा आपल्याकडची गावरान असो, शेतकरी तिच्याकडे प्रथम बैलाची आई म्हणून पाहत असे. वासराचे भागल्यावर जे उरेल ते दूध घरचे. देवणी तशी दुधालाही बरी. पण खेड्यातील सामान्य गाय दीड-दोन लिटरांवर समाधानी ठेवी. तेवढ्यासाठी बांधावरचे गवत, कापणीनंतरची मोकळी राने आणि रात्री कडब्याच्या चार पेंढ्या पुरत असत.

पुढे चित्र बदलले. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे ‘बायफ’ची स्थापना केली आणि संकरित पैदासीचे काम खेड्यापाड्यांत नेले. १९७० मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची ‘दूध महापूर’ योजना सुरू झाली आणि खेड्यातील दुधाला शहरात बाजारपेठ मिळाली. होल्स्टीन आणि जर्सी यांच्या रक्ताची गाय आपल्या दारात आली. ती दहा-पंधरा लिटर दूध देऊ शकते. पण त्या प्रमाणात खाते, पिते आणि उन्हाने लवकर कासावीस होते. होल्स्टीन ही मूळची हॉलंडकडील थंड प्रदेशाची जात. पंचवीस-सव्वीस अंश तापमान ओलांडले की तिला उष्णता जाणवू लागते आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे जातो.

थोडक्यात, गाय बदलली, तिच्याकडून असलेली अपेक्षा बदलली. तिला ठेवण्याची आणि चारण्याची रीत मात्र पुष्कळ ठिकाणी जुनीच राहिली. आजच्या वादाचे मूळ येथे आहे.

रान का ओसरले?

आपला जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. आठ तालुक्यांचा हा जिल्हा बहुतांशी पावसाच्या पाण्यावर शेती करणारा आहे. पूर्वी येथे ज्वारीचे क्षेत्र मोठे होते आणि ज्वारी म्हणजे धान्याबरोबर कडबा. माणसाची भाकरी आणि गुरांची वैरण एकाच ताटावर पिकत असे. कपाशी आणि सोयाबीन या पिकांनी शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा दिला, हे मान्यच केले पाहिजे. परंतु पऱ्हाटीची वैरण होत नाही आणि सोयाबीनचे भुस्कट कडब्याची जागा घेऊ शकत नाही. घराशेजारची कडब्याची गंजी लहान होत गेली. एकावर एक पिके येऊ लागल्याने कापणीनंतर गुरांना फिरायला मोकळी राहणारी रानेही उरली नाहीत.

गायरानांची गोष्ट आपण सर्व जाणता. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २२ अन्वये गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. प्रत्यक्षात त्या जमिनीवर कोठे वस्ती झाली, कोठे पीक उभे राहिले, कोठे सार्वजनिक इमारती आल्या. जे माळ उरले, त्यांवर बारमाही चराईमुळे चांगल्या गवतांचे बी धरण्यापूर्वीच गुरांनी ते खाल्ले. पवना, मारवेल ही कसदार गवते हटली आणि कुसळी माजली. कुसळी कोवळी असताना गुरे खातात. फुलोऱ्यानंतर ती कोरडी, काडीसारखी होते आणि तिची कुसळे तोंडात रुततात. पशुआहार शास्त्र सांगते की, चाऱ्यात प्रथिने सुमारे ७ टक्क्यांच्या खाली गेली की जनावराच्या पोटातील पचनाची क्रियाच मंदावते. वाळलेले माळरानी गवत या मर्यादेच्या बरेच खाली असते. म्हणजे फाल्गुन-चैत्रात माळावर दिवसभर फिरणारी गाय पोट भरते असे वाटते. वस्तुतः चालण्यात ती जेवढी शक्ती खर्च करते, तेवढीही त्या गवतातून तिला मिळेल याची खात्री नसते.

शिवाय गुराखी कोठे आहे? जो मुलगा पूर्वी गुरांमागे जात असे, तो आज शाळेत आहे, आणि तेथेच असला पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला तो हक्क दिला आहे. मुलाचे पाटी-दप्तर हिरावून गाय चारण्याचा सल्ला कोणीही देऊ नये.

यात रोगाची भर पडली. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ महाराष्ट्रभर पसरली, तेव्हा जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले, गोवंशाचे लसीकरण करावे लागले आणि गावची गुरे एकत्र चरायला सोडू नयेत असे सांगावे लागले. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत हा रोग पसरतो. एकत्र चराईत आणि एकाच डबक्यावर पाणी पाजण्यात धोका असतो, हे त्या वर्षी घरोघरी कळले.

दावणीची गाय

मग उत्तर सरळ आहे असे कोणी म्हणेल : गाय गोठ्यात बांधा. ठाणबंद पद्धतीचे फायदे खरेच आहेत. कोणत्या गाईने किती खाल्ले हे कळते. शेण-मूत्र वाया जात नाही. चालण्यातील शक्ती दुधाकडे वळते. पीक, झाडे आणि माळ यांचे रक्षण होते.

परंतु आपल्याकडील बहुसंख्य ठाणबंद गाई प्रत्यक्षात कशा असतात, ते डोळ्यांपुढे आणा. हातभर दाव्याने खुंट्याला बांधलेली, समोर गव्हाण, मागे शेणाची नाली, वर तापलेला पत्रा. उठणे आणि बसणे एवढीच तिची हालचाल. पाणी दिवसातून दोनदा, घरच्या माणसाला सवड झाली की. ज्या गाईला दिवसाकाठी साठ ते ऐंशी लिटर पाणी लागते, आणि उन्हाळ्यात त्याहूनही अधिक, ती दोन बादल्यांवर दिवस काढते. दुधात ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो, हे आपण विसरतो.

सतत एके जागी उभ्या असलेल्या गाईची खुरे झिजत नाहीत. ती वाढून वाकडी होतात आणि गाय लंगडू लागते. ओल्या, कठीण जमिनीवर बसल्याने सडांना जखमा होतात आणि कासदाहाला वाट मिळते. बांधलेल्या गाईचा माज ध्यानात येत नाही. इतर गाईंवर चढणे, अस्वस्थ फिरणे ही माजाची लक्षणे ती दाखवणार कशी? माज एकवीस दिवसांनी येतो. एक चुकला की तीन आठवडे भाकड पोसण्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो.

आणि श्रमांचे काय? रानात चरणारी गाय स्वतःच्या पायांनी वैरणीकडे जाते. गोठ्यातील गाईकडे वैरण चालत येत नाही. कोणीतरी ती कापून, बांधून, वाहून आणावी लागते. ते ‘कोणीतरी’ बहुतेक घरांत बाई असते. चराई बंद करून गुराख्याचे काम वाचवले, पण घरच्या बाईचे दुप्पट केले, तर तिला आपण प्रगती म्हणावे काय? कुट्टीयंत्र, गोठ्यापर्यंत नळ आणि गोठ्यालगत वैरणीचा तुकडा या तीन गोष्टींवाचून ठाणबंद पद्धत म्हणजे स्त्रियांच्या पाठीवर टाकलेले ओझे होय.

जगाचा आणि आपला अनुभव

हा वाद केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. मुंबईतील दाटीच्या तबेल्यांमधून म्हशी बाहेर काढून १९४९ साली आरे वसाहत उभारली गेली, तेव्हा जनावरांना मोकळी हवा आणि ग्राहकांना स्वच्छ दूध हाच विचार त्यामागे होता. युरोपात मोठमोठे बंदिस्त गोठे वाढू लागले, तेव्हा तेथील समाजानेही प्रश्न विचारला. स्वीडनमध्ये लेखिका आस्ट्रिड लिंडग्रेन यांनी जनावरांच्या बाजूने लेखणी उचलली आणि १९८८ च्या कायद्याने तेथील गाईंना उन्हाळ्यात कुरणावर जाण्याचा हक्क मिळाला. नेदरलँड्समध्ये वर्षातून किमान १२० दिवस, रोज किमान सहा तास कुरणावर चरलेल्या गाईंच्या दुधाला वेगळी ओळख आणि अधिक भाव देण्याची व्यवस्था झाली. न्यूझीलंडचा तर सारा दूधधंदाच कुरणांवर उभा आहे.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. संशोधकांनी एका दारावर वजन लावले आणि ते वाढवत नेले. ताज्या खाद्यापर्यंत पोचण्यासाठी गाई जितके वजन ढकलत, तितकेच त्या कुरणावर जाण्यासाठीही ढकलत. मोकळे फिरणे ही गाईची हौस नसून भुकेइतकीच प्रबळ गरज आहे, असा याचा अर्थ. त्याच विद्यापीठातील आणखी एका अभ्यासात असे दिसले की, दिवसा ऊन चढले की गाई आपणहून सावलीच्या गोठ्यात येत आणि रात्री बाहेर जाणे पसंत करीत. मराठवाड्यातील जाणत्या गुराख्याला हे नवे वाटणार नाही. तोही उन्हाळ्यात गुरे पहाटे सोडतो आणि दुपारी लिंबाखाली बसवतो.

परंतु स्वीडन-हॉलंडचे नियम जसेच्या तसे येथे आणता येणार नाहीत. तेथे पाऊस वर्षभर विखुरलेला, जमीन हिरवी आणि कुरणे मालकीची, कुंपणाची. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने माळ पिवळा. तेथून घ्यायचे ते एवढेच की गाईला हिंडण्या-फिरण्याची मोकळीक हवी. ती मोकळीक कुरणावरच मिळाली पाहिजे असे नाही.

मुक्त संचार गोठा

याच विचारातून महाराष्ट्रात ‘मुक्त संचार गोठा’ रुजला. गाईला दावे नाही. छताखाली दर गाईमागे पस्तीस ते चाळीस चौरस फूट जागा आणि त्याच्या साधारण दुप्पट उघडे आवार, चहूबाजूंनी कुंपण, एका कडेला गव्हाण, एका कडेला सदैव भरलेला पाण्याचा हौद आणि मध्यभागी झाडाची सावली. गाय तहान लागली की पिते, भूक लागली की खाते, थकली की सावलीत बसून रवंथ करते. एक गाय दुसरीवर चढली की माज लगेच कळतो. आवारात दोन-चार गावरान कोंबड्या सोडल्या तर त्या गोचीड वेचतात. खुरे झिजतात. रोज दोनदा शेण काढण्याचे काम बरेच कमी होते, आणि घरच्या बाईला त्याचा दिलासा मिळतो.

खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. बांबू, जुने पाइप, तारेची जाळी यांतूनही कुंपण होते. सिमेंटच्या इमारतीपेक्षा पाण्याच्या हौदावर आणि सावलीवर पैसे खर्चावेत. ३ फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयाने ग्रामसमृद्धी योजनेखाली रोजगार हमीतून दोन ते सहा जनावरांच्या गोठ्यासाठी ७७,१८८ रुपयांची तरतूद करण्यात आली होती. त्यात गव्हाण, २५० लिटरची मूत्रसंचय टाकी आणि २०० लिटरची पिण्याच्या पाण्याची टाकी यांचा समावेश होता. गोठा म्हणजे केवळ छप्पर नव्हे, ही दृष्टी त्या आराखड्यात होती. सध्या कोणत्या योजनेतून काय मिळते, याची चौकशी आपण पंचायत समितीत अवश्य करावी.

या पद्धतीलाही पथ्ये आहेत. आपली जमीन काळी. आषाढ-श्रावणात उघड्या आवाराचा रेंदा झाला, तर गाय चिखलात बसते आणि कासदाह, खुरसडा यांना आमंत्रण मिळते. म्हणून आवाराला उतार द्यावा आणि मुरूम भरावा. पावसाळ्यात शेण नियमित उचलावे. मारक्या जनावरांना वेगळे काढावे. नाहीतर दुबळी गाय गव्हाणीपर्यंत पोचतच नाही. गाभण, दुभती आणि कालवडी यांचे कप्पे निराळे असावेत.

आधी वैरणीचा हिशेब

गोठा कसाही बांधला, तरी गव्हाण रिकामी असेल तर सारे व्यर्थ. दहा लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईला दिवसाला सुमारे वीस किलो हिरवी वैरण, सहा किलो वाळली वैरण आणि पाच-साडेपाच किलो खुराक लागतो. दीड किलो तिच्या शरीराला आणि पुढे दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. वर्षाचा हिशेब केला तर हिरवी वैरण सात टनांहून अधिक आणि वाळली दोन टनांहून अधिक होते. पिण्याचे पाणीच पंचवीस हजार लिटरच्या पुढे जाते.

हा आकडा ऐकून घाबरू नका. संकरित नेपियर गवताचे चांगले पीक बागायतीत वर्षाला गुंठ्यामागे दीड-दोन टन हिरवा चारा देते. म्हणजे एका गाईच्या हिरव्या चाऱ्यासाठी चार-पाच गुंठे पुरेत. त्यातील काही भाग लसूणघास किंवा चवळी यांसारख्या द्विदल चाऱ्याला द्यावा. त्यातून प्रथिने मिळतात आणि खुराकाचा खर्च कमी होतो. आपण गाय विकत घेण्यापूर्वी तिची कास पाहतो, शिंगे पाहतो, दात पाहतो. त्याआधी आपले चार गुंठे आणि विहिरीचे मे महिन्यातील पाणी पाहावे, असे मी सुचवीन.

दुष्काळ आपला पाहुणा नाही. तो घरचाच आहे. १९७२ आठवणारी माणसे अजून गावात आहेत. २०१२-१३ मध्ये आपल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. २०१८-१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर चारा छावण्या उघडाव्या लागल्या. छावणी म्हणजे सक्तीचा, उघड्यावरचा गोठाच. ज्याच्याकडे मुरघासाचा साठा असतो, त्याला छावणीची वाट पाहावी लागत नाही. मका दाणे चिकात असताना कापावा, दोन-तीन सेंटिमीटरची कुट्टी करावी, खड्ड्यात किंवा पिशवीत दाबून हवाबंद करावी. सुमारे पंचेचाळीस दिवसांत मुरघास तयार होतो आणि हवा लागू दिली नाही तर पुढचा उन्हाळा निभावतो.

तालुक्यागणिक निराळे उत्तर

साऱ्या जिल्ह्याला एकच नियम लावता येणार नाही. भोकरदन-जाफराबादकडे मका होतो; तेथे मुरघास आणि मुक्त संचार गोठा ही जोडी शोभते. अंबड, घनसावंगी, परतूर या गोदाकाठच्या आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यात ऊस आहे; तेथे हंगामात वाढे मिळते. मात्र केवळ वाढ्यावर गाय ठेवू नये. त्यातील घटकांमुळे शरीरातील कॅल्शियम कमी होते. म्हणून पशुवैद्यांच्या सल्ल्याने चुन्याची निवळी किंवा खनिज मिश्रण द्यावे. जालना शहराभोवती जागा थोडी आणि दुधाला गिऱ्हाईक जवळ. तेथे बंदिस्त गोठा अटळ आहे, पण दावे अटळ नाही.

आणि ज्यांच्याकडे आजही देवणी, लाल कंधारी किंवा गावरान गाई आहेत, शिवारात अजून माळ शिल्लक आहे, त्यांनी पावसाळा आणि हिवाळा मिळून काही महिने चराई जरूर करावी. ऊन सोसणाऱ्या, काटक गाईला गोठ्यात कोंडून महागडा खुराक चारण्यात शहाणपण नाही. फक्त माळाचे तीन-चार भाग करून एकेक भाग आळीपाळीने विसावू द्यावा, म्हणजे गवताला बी धरता येईल. गाय, पाणी आणि जमीन पाहून रीत ठरवावी. शेजाऱ्याचा गोठा पाहून नव्हे.

भूमिहीनांची गाय

येथवर मी ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांच्याशी बोललो. आता सर्वांत अवघड भागाकडे येतो.

बदनापूर तालुक्यातील एका ग्रामसभेत पाणलोटाच्या कामासाठी चराईबंदीचा ठराव चालू होता. सगळ्यांनी हात वर केले. मागे उभी असलेली एक शेतमजूर बाई म्हणाली, “साहेब, गवत वाढंल ते बरंच हाय. पन तवर माह्या गाईनं काय खावं?” सभा क्षणभर गप्प झाली. त्या प्रश्नाचे उत्तर ठरावात नव्हते.

चराईबंदीचे महत्त्व मी कमी लेखत नाही. राळेगणसिद्धीच्या पंचसूत्रीत ती आहे. आपल्या जिल्ह्यातील कडवंची गावाने खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली पाणलोटाचे जे काम केले, त्यातून माती अडली, पाणी मुरले आणि पुढे शेततळी व द्राक्षबागा उभ्या राहिल्या. बोडक्या माळावर बारमाही गुरे हिंडत राहिली असती, तर असे काम टिकणे कठीण. परंतु पाणी मुरल्याचा लाभ विहिरीच्या मालकाला मिळतो. ज्याची विहीर नाही, शेत नाही, ज्याच्याजवळ फक्त एक गाय किंवा चार शेळ्या आहेत, त्याचे कुरण मात्र ठरावाच्या दिवशीच बंद होते.

गायरानाच्या प्रश्नालाही ही दुसरी बाजू आहे. मराठवाड्यात गायरान ही केवळ गुरांची जमीन राहिलेली नाही. भूमिहीन दलितांच्या जगण्याचा तो आधार आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुढे १९६४ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले, ते पडीक जमिनीच्या या हक्कासाठीच. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वी शेतीसाठी झालेली पात्र अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण घेतले. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला, तेव्हाही भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद त्यात नमूद केला. म्हणून ‘गायरान मोकळे करा’ ही घोषणा देताना ते कोणासाठी आणि कोणाकडून मोकळे करायचे, याचा विचार प्रथम केला पाहिजे. गाईच्या नावाने गरिबाच्या चुलीवर पाणी पडता कामा नये.

माझी सूचना अशी. ज्या गावाला चराई बंद करावयाची असेल, त्याने त्याच ठरावात गवताच्या वाट्याचेही कलम घालावे. वादात नसलेले गायरान आणि माळ राखावेत, तेथे मारवेल, पवना यांचे बी पेरावे, आणि कापून नेण्याची मुभा असावी. गवत तयार झाले की पहिला वाटा भूमिहीन पशुपालकांना, विनामूल्य किंवा नाममात्र दराने, मिळावा. त्यानंतर उरलेल्याचा लिलाव. पहिल्या दोन पावसाळ्यांत, माळ सावरेपर्यंत, या कुटुंबांच्या वैरणीची सोय ग्रामपंचायत आणि दूधसंस्था यांनी मिळून करावी. कापणीच्या याद्यांत स्त्रियांची नावे असावीत, कारण विळा त्यांच्याच हाती असतो. असे झाले तर ती शेतमजूर बाईदेखील ठरावाला मनापासून हात वर करील, आणि मग माळाची राखण करायला पहारेकरी नेमावा लागणार नाही.

निर्णय आपला आहे

बंधु-भगिनींनो, विदर्भ आणि मराठवाडा मिळून १९ जिल्ह्यांसाठी दुग्धविकास प्रकल्पाचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला आहे. २०२३-२४ साली देशाचे दूध उत्पादन २३.९३ कोटी टनांवर गेले. गाई येतील, अनुदाने येतील, दूध संकलनाची केंद्रेही उघडतील. त्या गाई कोठे राहतील आणि काय खातील, हे मात्र मुंबई-पुण्यात ठरणार नाही. ते आपल्या गावच्या ग्रामसभेत आणि आपल्या अंगणात ठरेल.

तेव्हा घरी गेल्यावर तीन गोष्टी करा. गोठ्यात जाऊन गाईचे दावे मोजा. ते हातभर असेल तर थोडे आवार आखून ते सोडता येईल काय, याचा विचार करा. गव्हाणीजवळचा हौद दुपारी भरलेला आहे की नाही ते पाहा. आणि पुढच्या ग्रामसभेत गवताच्या वाट्याचा विषय मांडा. गोठा की गायरान, या प्रश्नाला माझ्या मते उत्तर आहे : सावलीचा, पाण्याचा, बिनदाव्याचा गोठा, आणि त्याला पुरवठा करणारे, राखलेले, सर्वांच्या वाट्याचे गायरान. यांतील एकाला वगळून दुसरे फार काळ टिकणार नाही.



जय हिंद, जय महाराष्ट्र!